व्हीआरचे सेट येतायत, पण पोरांना दाखवायचं काय?

आटपाडी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेतल्या विज्ञानाच्या सरांचा प्रश्न आहे. एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीतून शाळेला व्हीआर सेटसाठी पैसे मिळतायत. व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी: डोळ्यांवर चष्म्यासारखा सेट चढवला की आपण दुसऱ्याच जागी उभे आहोत असं दिसतं. आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी यांतल्या कामांची आणि करिअरची ओळख करून द्यायची आहे. कोणते सेट घ्यावेत, किती घ्यावेत, आणि याचा खरंच उपयोग होतो की चार दिवसांची मजा ठरते, असं त्यांनी विचारलंय.

सर, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तो सुटला की खरेदीचं फार अवघड राहत नाही.

मी आधी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. २०१७ पासून पुठ्ठ्याचे चष्मे आणि सात-आठ मोबाइल पिशवीत घालून पाटण, कराड, वाळवा, तासगाव भागातल्या शाळांत जायला लागले. पहिल्या वर्षी हाताशी होतं ते सगळं दाखवलं. समुद्राचा तळ, अंतराळ स्थानक, डायनासोर. पाटण खोऱ्यातल्या एका शाळेत सुरू करायच्या आधी नववीच्या मुलांकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या, मोठेपणी काय व्हायचंय म्हणून. पोलीस, आर्मी, शिक्षिका, डॉक्टर, परत आर्मी. मग दोन तास नुसता कल्ला. पोरं हवेत हात मारून मासे धरत होती, मुख्याध्यापक स्वतः दोनदा रांगेत उभे राहिले. शेवटी पुन्हा चिठ्ठ्या घेतल्या. पोलीस, आर्मी, शिक्षिका, डॉक्टर. एकानं फक्त ‘शार्क’ असं लिहिलं होतं.

ती चिठ्ठी मी अजून ठेवलीय. चष्मा पोराला एखाद्या जागी नेऊन उभं करतो, एवढंच त्याचं काम. त्या जागी माणूस सकाळी किती वाजता येतो, दिवसभर काय करतो, कशाला वैतागतो, तिथवर पोचला कसा, हे चष्म्यातून आपोआप दिसत नाही. अंतराळ स्थानक बघून आलेल्या आठवीतल्या मुलीला तिकडची वाट आपल्या गावातून कुठून निघते ते कळत नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही ते तिला नीट सांगता येत नाही. मग जत्रेतल्या पाळण्यासारखं होतं. वर असताना भारी, उतरलं की संपलं.

बरं, मंगळावर काय आहे ते पोरं यूट्यूबवर बघतातच. वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कारखान्याच्या नाहीतर पंपगृहाच्या फाटकाच्या आत काय चालतं, ते त्यांना कुणी दाखवत नाही. शाळेची सहल त्या फाटकावरून जाते आणि थेट नरसोबाच्या वाडीला थांबते. त्या फाटकाच्या आत नेण्यासाठी व्हीआर वापरायचं असेल तर उपयोग होतो, हे मी छातीठोकपणे सांगते.

एक प्रसंग सांगते. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांची नावं तुमच्या पोरांना पाठ आहेत. आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, कधी सुटणार यावर घरात रोज बोलणं होतं. पण कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलत दुष्काळी माळावर आणायचं म्हणजे मधे कोण काय करतं, हे त्या घरात बहुतेक कुणाला ठाऊक नसतं. अशाच एका उपसा योजनेच्या पंपगृहात आम्ही परवानगी काढून ३६० अंशांचा, म्हणजे पुढंमागं दोन लेन्स असलेला आणि चारी बाजूंचं एकदम टिपणारा कॅमेरा लावला. चार दृश्यं, प्रत्येक मिनिट-दीड मिनिटाचं. खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत ते दाखवत होतो. नववीतला एक पोरगा स्टुलावर बसून सावकाश गोल फिरला आणि मधेच थांबला.

“मॅडम, मोटार तर आमच्या हिरीवरच्या सारखीच हाय, निस्ती मोठी हाय. पण हिचा स्टार्टर कुठाय?”

मी म्हटलं, तूच शोध. त्यानं मान वर केली, खाली घातली, मग पूर्ण मागं वळला. भिंतीच्या कडेला राखाडी कपाटांची रांग होती. “ह्ये कपाट?” म्हणाला. आणि बाहेर टीव्हीवर तेच चित्र बघणारी बाकीची पोरं ओरडली, “आरं, कपाट न्हाई, त्योच स्टार्टर!”

विहिरीवरची मोटार पाच-साडेसात एचपीची, इथली हजाराच्या पुढची. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. पाच एचपीला वस्तीवरचा बल्ब क्षणभर मंद होतो. हजार एचपी तशीच सोडली तर लाइनवरच्या सगळ्यांनाच दणका बसेल, म्हणून तिला दमादमानं सुरू करायची यंत्रणा त्या कपाटात असते. हे मी फळ्यावर शंभरदा शिकवलं असेल. त्या दिवशी पोरानं विचारलं म्हणून सांगितलं, आणि मागच्या बाकावरची पोरंसुद्धा ऐकत होती. पुढच्या दृश्यात पॅनलसमोर बसलेला ऑपरेटर दादा येतो. तो सांगतो, दर तासाला बेअरिंगचं तापमान, व्होल्टेज, अँपिअर वहीत मांडायचं. “एकदा रात्री तीनला डोळा लागला, मी मागच्या तासाचाच आकडा परत लिहिला आणि साहेबांनी पकडलं,” असंही तो सांगतो. त्याच्या मागं टेबलावर स्टीलचा डबा आणि गुंडाळलेलं मफलर दिसतं. चष्मा काढल्यावर एका मुलीनं विचारलं, “हे दादा शिकले कुठं?” दहावीनंतर तीन वर्षांचा इलेक्ट्रिकल डिप्लोमा. शार्क बघून हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मग लगेच दुसरा प्रश्न आला, पगार किती. तो तर येणारच, त्याला लाजू नका, दादाकडून आधीच बोलून घ्या.

तुमच्या आटपाडी-विट्याकडं तर याहून भारी विषय घरातच आहे. वर्गात हात वर करायला सांगा, कुणाचा काका, मामा, चुलता गलाईच्या धंद्यात आहे. केरळपासून पंजाबपर्यंत सोनं-चांदी गाळणारी माणसं तुमच्याच गावांतून गेलीत. सोन्यात चांदी मिसळून सोन्याचा वाटा चौथ्या हिश्श्यावर आणायचा, मग नायट्रिक आम्लात उकळायचं, चांदी विरघळते आणि सोनं तळाला राहतं, हे रसायनशास्त्र ती मंडळी पुस्तक न उघडता करतात. दहावीच्या पुस्तकात धातुविज्ञानाचा धडा आहे, पण पोरांच्या डोक्यात तो धडा एकीकडं आणि काकाचं दुकान दुसरीकडं. जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांना शुद्धतेचा हॉलमार्क टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झालाय, तेव्हा एखाद्या हॉलमार्क केंद्रात कॅमेरा लावा. क्ष-किरणांवर चालणारं यंत्र दागिना न मोडता काही मिनिटांत कस सांगतं. पक्की खात्री करायची तर नमुना भट्टीत घालून जुन्याच पद्धतीनं तपासतात. ते यंत्र चालवणारी व्यक्ती बहुधा केमिस्ट्रीची पदवीधर असते. काकाचा धंदा आणि धातुशास्त्रातली पदवी यांच्यामधली भिंत पोराच्या डोक्यातून पाडायला मला याहून सोपं उदाहरण सापडलेलं नाही.

पाटणकडच्या पोरांसाठी आम्ही भूकंप घेतो. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट तिथल्या आजी-आजोबांना अजून तपशीलवार आठवते. त्या भूकंपाचा अभ्यास आजही चालू आहे, त्यासाठी कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल विवर खोदलंय, आणि ते काम बघणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा कराडात आहे. भूभौतिकी नावाचा विषय असतो आणि त्यात पोटापाण्याची नोकरी असते, हे कळायला पोरांना कॅलिफोर्निया दाखवायची गरज पडत नाही. मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या कार्यशाळेत ध्वनीचा धडा घ्यायचं माझ्या मनात कधीपासून आहे, अजून जमलं नाही.

आता चित्रीकरणाबद्दल, कारण तयार मराठी आशय शोधत बसाल तर हाताला फार काही लागणार नाही. कॅमेरा विकत घ्यायची घाई करू नका, लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडं हल्ली भाड्यानं मिळतो. ट्रायपॉड चार फुटांच्या आसपास ठेवा, बसलेल्या पोराच्या डोळ्यांच्या जरा वर. फार उंच लावला तर बघणाऱ्याला आपण अधांतरी लटकतोय असं वाटतं. कॅमेरा एकदा ठेवला की हलवायचा नाही. चालत चालत काढलेली फिल्म दाखवाल तर बादली जवळ ठेवा. बोलणारा माणूस दीड-दोन मीटरवर आणि एका लेन्सच्या अगदी समोर हवा. दोन लेन्सची चित्रं जिथं जोडली जातात त्या रेषेवर तो उभा राहिला तर त्याचा कान नाहीतर खांदा गायब होतो. यंत्राच्या आवाजात कॅमेऱ्याचा माइक कामाचा नाही, कॉलरला वेगळा लावा. आणि सगळीकडचं दिसतं म्हणून आपण स्वतः कुठंतरी लपायचं. आमच्या पहिल्या फिल्ममध्ये कपाटाआडून माझी ओढणी दिसते. पोरं दरवेळी पंप सोडून आधी ती शोधतात.

माणसाला भाषण करू देऊ नका. ‘विद्यार्थी मित्रांनो’ म्हणाला की कॅमेरा बंद करा, चहा पाजा, परत सुरू करा. त्याला तीन गोष्टी विचारा: आज सकाळपासून काय केलं, पहिल्या वर्षी काय चुकलं, दहावीत गणितात किती होते. शेवटच्या प्रश्नाची उत्तरं पोरांना लई धीर देतात.

परवानगीचं मात्र डोक्यात ठेवा. एका ठिकाणी माझा अर्ज तीन महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरला आणि शेवटी सुरक्षेचं कारण सांगून नकार आला. राग आला होता, पण धरण किंवा वीजगृह म्हटल्यावर ते कारण खरंही असतं. त्यापेक्षा साखर कारखान्याची प्रयोगशाळा, दूध संघ, माती परीक्षण केंद्र, द्राक्षाचं पॅकहाऊस, फौंड्री इथून सुरुवात करा. शाळेचा माजी विद्यार्थी कुठं चिकटलाय ते बघा आणि त्याच्या ओळखीनं आत जा. नाहीतरी फिल्ममध्ये तोच हवा असतो.

चष्म्यातून धडे शिकवता येतील का, असं पुढं कुणीतरी तुम्हाला विचारेलच. विक्रेते तर ‘पूर्ण अभ्यासक्रम व्हीआरमध्ये’ असंच म्हणतात. डेन्मार्कमधल्या गिडो माक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली ५२ विद्यापीठ विद्यार्थ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेचा तोच पाठ काहींना व्हीआरमध्ये आणि काहींना साध्या पडद्यावर दिला. व्हीआरमधल्यांना आपण तिथंच आहोत असं जास्त वाटलं, पण शिकणं कमी झालं. माझा अनुभव तोच सांगतो. डोळ्यांना इतकं काम लागतं की डोक्याला सवड मिळत नाही. सर्किट शिकवायचं तर फेट (PhET) या संकेतस्थळावरची सिम्युलेशनं, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, मराठीत आहेत, फुकट आहेत, एकदा उतरवून घेतली की नेटशिवाय संगणकावर चालतात. चष्मा सात मिनिटं, त्याच्या आधी आणि नंतर बोलणं अर्धा तास, हे माझं प्रमाण आहे.

यातूनच तुमचा ‘किती’ सुटतो. चाळीस पोरांना चाळीस सेट घेऊ नका. पाच पुरे. पाच सेट, सात मिनिटांची एक पाळी, आठ पाळ्यांत चाळीस पोरं, म्हणजे छप्पन्न मिनिटं. पुसापुशी आणि पट्टे बसवणं धरून दोन तासिका. आठ-आठ जणांचे पाच गट करा. एकजण चष्म्यात, एकजण त्याच्यामागं राखणदार, म्हणजे पोरगं स्टुलावरून धडपडू नये म्हणून. एखाद्या सेटचं चित्र टीव्हीवर टाका आणि बाकीच्यांनी तिथं बघत प्रश्न लिहायचे. चाळीस सेट असले की प्रत्येकजण आपापल्या अंधारात एकटा बसतो, स्टार्टर कुठाय हे मोठ्यानं कुणी विचारत नाही.

कोणते घ्यावेत? मोबाइल घालायचे पुठ्ठ्याचे चष्मे दोन-तीनशेत मिळतात, पण त्यात मेख अशी की मोबाइलमध्ये जायरोस्कोप, म्हणजे फोन कुठं वळला ते ओळखणारा भाग, लागतो. स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये तो नसतो, मग मान फिरवली तरी चित्र जागचं हलत नाही आणि पोरगं समजतं आपलंच काहीतरी चुकतंय. ज्यात सगळं आतच असतं असे स्वतंत्र सेट चांगले, पण महाग, आणि ते चालवायला कंपनीचं खातं लागतं. वयाची अटही बघा: फेसबुकवाल्या मेटा कंपनीनं आपल्या सेटसाठी तेराची अट २०२३ मध्ये दहावर आणली, तीही पालकांच्या देखरेखीतल्या खात्यासह. कुठल्याही एका कंपनीच्या ॲपवर सगळा कार्यक्रम उभा करू नका. गूगलनं शाळांसाठीचं एक्सपिडिशन्स हे व्हीआर सहलींचं ॲप जून २०२१ अखेर बंद केलं, तेव्हा माझ्या दोन वर्षांच्या पाठांच्या नोंदी एका रात्रीत रद्दी झाल्या. आपली फिल्म साध्या व्हिडिओ फाइलच्या रूपात पेनड्राइव्हवर, दोन प्रती. सेट कपाटात दोन महिने पडला की उघडल्या उघडल्या अपडेट मागतो, आणि तो उतरवायला लागणारी रेंज वर्गात नसते. म्हणून आदल्या दिवशी घरून चार्ज आणि अपडेट करून न्यायचं.

ऊन हा या यंत्राचा खरा वैरी. भिंगानं कागद जाळायचा खेळ आपण सगळ्यांनी केलाय, आणि या सेटमध्ये तर दोन भिंगं नेमकी पडद्यासमोरच बसवलेली असतात. मी एकदा सेट खिडकीच्या कट्ट्यावर लेन्स वर करून ठेवला आणि हजेरी घ्यायला गेले. मिनिटभरात पडद्यावर पिवळा डाग पडला, तो कायमचा. चूक माझी, दोष कुणाला देणार. तेव्हापासून सेट पिशवीबाहेर राहिला तर त्यावर टॉवेल. उलट खोली अगदी अंधारीही नको, कारण सेटचे कॅमेरे भोवतालच्या खुणा बघून आपली जागा ओळखतात. नव्यानं चुना मारलेल्या कोऱ्या भिंतींच्या खोलीत आमचा सेट सारखा भरकटत होता. भिंतीवर नकाशे आणि तक्ते टांगले, शहाण्यासारखा चालायला लागला.

पोरांच्या डोक्याला तेल असतं, हे परदेशातल्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं नसतं. कापडी गादी चार शाळांत काळी होते, तेव्हा रबरी आवरण घ्या आणि प्रत्येकाला कागदी टोपी द्या, उवांचाही प्रश्न सुटतो. लेन्सला सॅनिटायझर अजिबात लावू नका, कोरडं मऊ फडकं पुरतं. डोळ्यांची साथ असेल तर त्या महिन्यात कार्यक्रमच नको. दोन वेण्या वर बांधून रिबिनी लावलेल्या मुलींना मागचा पट्टा बसत नाही. त्या दिवशी वेण्या मोकळ्या सोडून यायला आदल्या दिवशी सांगा, नाहीतर मुली ‘राहू दे मॅडम’ म्हणून मागं सरकतात आणि पट्ट्यापायी त्यांची पाळी मुलं खातात. खिचडीनंतरचा तास टाळा. फिट येणारी, सतत डोकं दुखणारी पोरं बाहेरच्या टीव्हीवर बघतील, घरून चिठ्ठी मागवा. आणि एखादं पोर ‘एका डोळ्यानं धुरकट दिसतंय’ म्हणालं तर सेट नीट करण्याआधी पोराकडं बघा. माझ्या कार्यक्रमांत अशी पोरं हटकून निघतात, ज्यांना चष्मा लागलाय हे घरी कुणाला माहीत नव्हतं. शाळेत बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्याकडं नावं द्या.

फिल्म बघून झाल्यावर त्याच आठवड्यात पुढची वाट फळ्यावर मांडा, थंड होऊ देऊ नका. दहावीनंतर डिप्लोमा आणि तिथून थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला, किंवा बारावी सायन्स आणि सीईटी, किंवा आयटीआय. आठवीतल्यांना एनएमएमएस या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवा. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. मुलींच्या पालकांना मुद्दाम बोलवा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. फिल्ममधल्या दादाला किंवा ताईला त्या सभेला गाडीभाडं देऊन आणा. पालक चष्म्यावर विश्वास ठेवत नाहीत, समोर खुर्चीत बसलेल्या शेजारगावच्या माणसावर ठेवतात.

चित्रीकरणाच्या तारखा मात्र आत्ताच धरा. कारखाना गाळप सुरू झाल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात. बंद कारखान्यात नुसतं लोखंड दिसतं, आणि ब्रिक्स (उसाच्या रसात विरघळलेल्या घटकांचं, मुख्यतः साखरेचं प्रमाण) काढणाऱ्या केमिस्टची धावपळ हंगामातच बघायला मिळते. पॅकहाऊस फेब्रुवारीत. हॉलमार्क केंद्राला दिवाळीच्या आधी विचारूच नका, धनत्रयोदशीपर्यंत त्यांना मान वर करायला वेळ नसतो.